हक्कसोडीची साडी

मंगलनं उभ्या जन्मात गुंडांचा पिच्चर बघितला नव्हता. पिच्चर म्हणजे एकतर देवाचा, नाहीतर सासू-सुनेचा, एवढंच तिला ठाऊक. पण लेक नूतन सुट्टीला ओतूरला आली आणि तिनं मोबाईलवर जुने काळे-पांढरे विलायती डॉन लावले, तेही हिंदीत बोलणारे. दोन दुपारी तीन पिच्चर झाले. शिलाई मशीन बंद, गिऱ्हाइकांचे ब्लाउज तसेच पडून.

पहिल्याला मंगल वैतागली. "मेले दिवसभर टोप्या घालून बसत्यात. यांना काय कामधंदा नाय व्हय?" दुसऱ्याला मात्र तिनं मोबाईल स्वतःच्याच हातात घेतला.

सोमवारी दादा येणार होता ना. दादाभाऊ, निरगुडसरचा तिचा थोरला भाऊ. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून तिची सही घ्यायला. आपल्याकडची रीतच ती. बहिणीनं सही करायची, भावानं साडीचोळी करायची आणि गावानं म्हणायचं, पोर किती गुणाची. मंगलला त्या जमिनीतला विहिरीजवळचा तुकडा हवा होता. नवरा गेल्यापासून भाड्याच्या खोलीचा तिला वीट आला होता, त्या तुकड्यावर स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. मागं दोनदा तिनं नाही म्हणून बघितलं. दोन्ही वेळा कारणं सांगायला गेली, दादानं एकेक कारण खोडून काढलं आणि बाई रडत "बघू" म्हणून बसली.

"नूतन, ध्यानात आलं का तुझ्या?" तिसरा पिच्चर संपल्यावर ती म्हणाली. "जो लई बडबडतो तो आधी मरतो. ज्याच्या हातात समदं असतं, तो एकदाच बोलतो. अन् कारण सांगतच नाय."

"आई, मामाचा खून करती का काय?"

"चहा पाजणार हाय त्याला."

सोमवारी सकाळीच दादा आला. मोरपंखी साडी, पेढे, कागद, सगळं पिशवीत. साडी त्यानं तिच्यापुढं ठेवली. "चल मंगे, गर्दी व्हायच्या आत हापिसातनं उरकून येऊ."

मंगलनं खुर्ची दिली, चहा-खारी दिली. मग समोर बसून हळू आवाजात म्हणाली, "दादा, मी सही करणार नाय."

"का गं?"

ती खारी बुडवून खात राहिली. दादा चिडला. मग गोड झाला. मग मेलेल्या आईची आठवण काढली, आणि ती मात्र तिला खरंच लागली. डोळे भरून आले, पण तोंड तिनं उघडलं नाही. अर्ध्या तासानं बोलून बोलून दादाच दमला. कागद पिशवीत कोंबला आणि साडी उचलायला हात पुढं केला.

मंगलनं साडी आपल्या मांडीवर ओढून घेतली.

"ऱ्हाऊ दे की दादा. भावानं बहिणीला साडी आणली, त्याला सही कशाला लागती?"