किल्ली काढल्यावरचा दिवा

मी तांड्यावरचा जगन. घरच्या ओट्यावर बसून गाड्यांचे डायनामे खोलतो, दुरुस्त करतो, परत चालू करून देतो. भुताखेतावर माझा काडीचा इश्वास न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. कुनी भुताचं सांगाया लागलं की माझं डोस्कंच फिरतं.

तरी पन दोन हजार तीन का चारच्या हिवाळ्यात वळखीच्या नामाजीकाकानं मला त्यांच्या गोठ्यात नेलं, तवा माझी बी तंतरली. गोठ्यात त्यांच्या पोराची, प्रभूची, काळी-पिवळी जीप उभी होती. दिवाळीच्या तोंडावर वसमतच्या रोडला चालत्या गाडीचे लाईट गेले. प्रभूनं गाडी कडंला घेतली, खाली उतरला, आन मागून उसाचा ट्रक आला. गाडीला खरचटलंसुदिक न्हाई. पोरगं जाग्यावर गेलं.

काकानं किल्ली माझ्या हातावर ठेवली. "बग, किल्ली तुज्यापाशी हाय ना?"

"हाय."

आन समोर मीटरमदी चार्जिंगचा लाल दिवा जळून राहिला होता. मंद, पर जळून राहिला होता. सत्यभामामावशी, प्रभूची माय, बाजूच्या सीटवर बसली होती. ड्रायव्हरच्या सीटवर भाकरीचं ताट वाढलेलं. मला बघून म्हनली, "हळू बोल रे. त्यो जागा हाय." भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. खोटं काहून बोलू?

काकानं मला बाहेर नेलं. म्हातारा निस्ता वाळून गेला होता. "दिवा असला तरच ती दोन घास खाती. दिव्यानं बॅटरी उतरती. मग मी ती डोक्यावर घेऊन बाळापूरला चार्जिंगला पळतो. जगन, लय तकलीफ झाली रे बाबा. पोरगं गेलं, आता ही बी चालली. हिला या दिव्यातून सोडीव."

"काका, भूतबित काई न्हाई. बॅटरी भरनाऱ्या डायनाम्यातला डायोड गेलाय. त्यानं करंट एकाच बाजूनं सोडायचा, आता बॅटरीतून उलटा येऊन दिवा लागतो," मी खेकसलो.

मावशीला सांगितलं, गाडी नीट करतो. वाटलं, आडवी यील. पन तिनं ताट उचललं आन खाली उतरली.

डायनामा घरी आनला, ओट्यावर खोलला. काका समोर बसून. बेरिंग चांगलं, कार्बन चांगले, वाइंडिंग बराबर. मग बल्ब आन दोन वायरी घेऊन एकेक डायोड बघितला. चांगल्या डायोडवर बल्ब एका बाजूनंच लागतो, वायरी फिरवल्या की लागत न्हाई. इथं दोन्ही बाजूंनी लागून राहिला. एक न्हाई, निम्मे डायोड मेलेले.

"काका, जुना होऊन एकांदा डायोड जातो. इतके एकदम जात न्हाईत. बॅटरी कुनी उलटी जोडली व्हती?"

काका सांगाया लागले.

"दसऱ्याला प्रभूनं गाडी धुतली. बॅटरी काढून पाटावर ठिवली. हिनं पूजा केली, हळद-कुंकू वाहिलं..."

पुढचं मला कळलं. आमच्याकडले ड्रायव्हर एकच जानतात, लाल म्हंजी प्लस. बॅटरीवर प्लसचा खुंटा जाड असतो, मायनसचा बारीक; पर जुनी गाडी, टर्मिनल खिळे ठोकून कशावर बी बसवलेले, मंग जाड कोनता आन बारीक कोनता कोन बघतं? कुंकू मायनसवर जास्ती बसलं. प्रभूनं लाल बघितलं आन जोडून टाकलं.

"लय मोठी ठिनगी पडली," काका म्हनले. "पोरगं हासलं. माय, तुज्या कुंकवानं मला चकवलं, म्हनलं. मंग वायरी फिरवल्या, गाडी चालू झाली. आमाला वाटलं, भागलं."

भागलं कुठलं? डायोड तवाच जळाले. बॅटरी भरायचीच न्हाई नीट. म्हनून रोडवर लाईट गेले.

"हिला सांगू नको जगन. तुज्या पाया पडतो."

"मी काय येडा हाय का?" मी वरडलो. रागानं न्हाई. मला रडू येऊन राहिलं होतं.

नवे डायोड टाकले, जीपला डायनामा चढवला. गाडी सुरू केली, चार्जिंग झकास. किल्ली फिरवली, बंद केली.

दिवा इझला.

मावशी बॉनेटपाशी उभी होती. "काय निघालं?"

"काई न्हाई मावशी. जुना पार्ट, कुजला व्हता."

"खोटं बोलून राहिला." आवाज चढला न्हाई तिचा. "प्रभूच म्हनायचा, माय, दसऱ्यापासून ह्यो दिवा इझंना. ठिनगी पडली तवा मी तितंच व्हते. कुंकू माज्या हातचं व्हतं. मला पैल्यापासून ठावं हाय."

काकाचं तोंड उघडंच राहिलं.

"लोकायला वाटतं, म्हातारी लेकाला जेवू घालती. त्यो रोज मला इचारायचा, माय, असं काहून केलं? आन मी रोज माफी मागायची. आता कुनाला मागू?" तिनं पाना उचलून माझ्या हातात दिला. "उलटी जोड."

"मावशी, सगळं परत जळंल."

"जळू दे. पडू दे ठिनगी, लागू दे दिवा. उलटी जोड म्हनते ना!"

मी काकाकडं बघितलं. त्यांनीच मला आनलं होतं, तेच तिला आवरतील, असं वाटलं. ते गाडीला धरून उभे होते, गालावरून पानी वाहून राहिलं होतं.

"जोड, जगन," काका म्हनले. "मला बी इचारायचं हाय त्याला."

मी बॅटरीचे टर्मिनल ढिले केले.