घारीनं नेलेला मोदक

रेल्वे कॉलनीच्या फाटकापाशी यमुनाबाई भर रस्त्यात थांबल्या. मागच्या ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि "अम्मा, देख के!" म्हणून ओरडला. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या सुनेच्या हातातल्या परातीकडे बघत होत्या.

"क्षमा, मिठाचा कोणता गं?"

क्षमानं परात घट्ट धरली. "आई, मिठाचा तर आपण घरी करतो ना? हे तर मंडळाचे आहेत!"

"हाताला सवय गं. खोबऱ्यात मीठ कालवलं, भरला. लवंग लावायची तेवढी राहिली."

ही त्यांच्या घरची जुनी चाल. घरच्या गणपतीला एकवीस मोदक करायचे, त्यातल्या एकात गुळाऐवजी मीठ. ज्याच्या पानात तो येईल त्यानं हूं की चूं न करता संपवायचा, म्हणजे वर्ष सुखाचं जातं. पोराबाळांच्या पानात जाऊ नये म्हणून करणारी त्याच्या शेंड्याला लवंग टोचून ठेवते. आणि आज लवंगच नव्हती. परातीत एकवीस पांढरेशुभ्र मोदक अगदी जुळ्या भावंडांसारखे बसले होते.

एरवी क्षमा हसली असती. पण गेल्या वर्षी चार मोदक सारणाशिवायच निघाले होते. मंडळाचे सेक्रेटरी सुभाषचंद्र म्हणजे रिटायर्ड टीसी. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखण्यात हयात गेलेली. ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "काकू, आता आराम करा. पुढच्या वर्षी सदर बाजारातून पेढे आणू." आणि चाळीस वर्षं झाशीतल्या या मंडळाला नैवेद्य पुरवणाऱ्या यमुनाबाईंनी हात जोडून एक वर्ष मागून घेतलं होतं. सासूचे ते जोडलेले हात क्षमाला वर्षभर छळत होते. आज पुन्हा चूक निघाली की संपलं. त्या बाईंना मोदकांवाचून दुसरा मान नव्हता आणि हवाही नव्हता.

परत जायला वेळ नव्हता. मैदानात झांजा सुरू झाल्या होत्या. मोदक फोडून बघावा, तर फुटका मोदक देवापुढे कसा ठेवणार?

"चला," क्षमा म्हणाली, "बघू काय होतं ते."

मांडवाच्या तोंडाशी सुभाषचंद्र उभेच होते. "आण बेटा, मोजून घेतो. पूरे इक्कीस हवेत." आता ह्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला कोण काय करणार! क्षमानं वरचं फडकं काढलं. सुभाषचंद्रांनी बोट पुढे करून मोजायला सुरुवात केली. अकरापर्यंत आले आणि क्षमाच्या कानाशी भर्रकन वारं फुटलं. गालावर पंखाचा फटकारा बसला, परात हिंदकळली, सुभाषचंद्रांची टोपी उडाली. डोळे उघडून बघते तो एक भलीमोठी घार मोदक घेऊन वर निघालेली.

"अरे चील! चील ले गई!" सगळं मैदान ओरडलं. कुणी चप्पल भिरकावली, चारपाच जणांनी मोबाइल वर धरले. घार मात्र निवांत विजेच्या खांबावर जाऊन बसली आणि पंजात मोदक धरून खाली माणसांकडे अशी पाहू लागली, जणू आमंत्रण तिलाच होतं.

यमुनाबाईंनी क्षमाचा दंड धरला. त्यांचा चेहरा उजळला होता. "तोच नेला बघ! बाप्पानंच धाडली तिला. सुटलो गं बाई!"

क्षमालाही क्षणभर तसंच वाटलं. इतकं हलकं वाटलं की त्या घारीला नमस्कार करावा. मग घारीनं चोच मारली आणि वरून सारणाचा तुकडा खांबाखाली लावलेल्या सुभाषचंद्रांच्या स्कूटरच्या सीटवर पडला. गुळाचा. तपकिरी, चिकट, वेलचीच्या वासाचा.

सासूला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. क्षमानं पदरानं सीट पुसून टाकली.

"एक चिलीला पोचला, वीस बाप्पाला," सुभाषचंद्रांनी टोपी झटकत जाहीर केलं. आरती झाली. रिवाजाप्रमाणे मंडळातल्या वडीलधाऱ्यांना अख्खा मोदक आणि बाकीच्यांना पंचखाद्य. परात क्षमानं स्वतःच फिरवली. प्रत्येकाच्या हातावर मोदक ठेवायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पहिला घास, दुसरा घास, वाहवा. बबीन्याच्या छावणीतून आलेले सुभेदार, निवृत्त गार्ड खंडूकाका, उषाताई, सगळ्यांनी बोटं चाटली. परातीत दोन उरले. एक यमुनाबाईंचा, एक सुभाषचंद्रांचा. क्षमानं त्यातला कडेचा सासूला दिला. यमुनाबाईंनी घास घेतला आणि त्या खुशीत मान डोलवू लागल्या.

म्हणजे आता काही इलाज नव्हता.

सुभाषचंद्रांनी मोठा घास घेतला. त्यांचा जबडा थांबला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हातातल्या अर्ध्या मोदकाकडे पाहिलं, आतलं पांढरं सारण पाहिलं, मग समोर खुर्चीत बसलेल्या यमुनाबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक मुठीत धरून त्यांच्याकडेच बघत होत्या, निकाल ऐकायला बसल्यासारख्या. क्षमाला वाटलं, आता बोलणार. नजरेतून काही सुटू द्यायचं नाही ही ह्या माणसाची जन्माची सवय.

सुभाषचंद्रांनी तो घास गिळला. उरलेला अर्धाही तोंडात टाकला, चावला, गिळला आणि मिशा पुसल्या.

"काकू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोदक नंबर एक. पुढच्या वर्षीही तुम्हीच. फक्त एक जास्त करा, चिलीच्या नावाचा."

लोक हसले. यमुनाबाई तर लहान मुलीसारख्या हसल्या. क्षमाला रडू आवरेना, म्हणून ती पाणी आणायला वळली. तांब्या घेऊन आली तर सुभाषचंद्र मांडवाच्या मागे एकटेच उभे. त्यांनी तांब्याला तोंड लावलं आणि घटाघटा रिकामा केला.

"काका, मी..."

"पुढच्या वर्षी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मिठाचा डबा तू सांभाळ, बेटा." आणि त्यांनी तांब्या पुढे केला. "अजून आण."