नकोशा कागदांची पेटी

मित्रांनो, हातमोजा हरवला की तुम्ही टनब्रूकच्या गावकचेरीत येता, दाराजवळच्या पेटीचे झाकण उघडता आणि कोपरापर्यंत हात घालून शोधता. ती पेटी म्हणजे मी. माझ्या झाकणावर मधोमध एक लांबट फट आहे. ती कशासाठी आहे, हे तुमच्यापैकी एकानेही अजून विचारलेले नाही. दुपारी कचेरीत मोठे कोणी नसते, म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म १९१६ सालचा. त्या वर्षी आमच्या राज्यात नवा कायदा लागू झाला. तोवर गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्य चालवणाऱ्या प्रमुखाच्या जागेसाठी, पक्षाचा उमेदवार पुढारी मंडळी खोलीचे दार लावून ठरवत. आता तो साध्या लोकांनी ठरवायचा होता. सप्टेंबरात पक्षाच्या आतली निवडणूक, मग नोव्हेंबरात पक्षापक्षांतली. त्यासाठी गावाला एक पेटी हवी होती. असाहेल प्रुइट नावाचा सुतार एरवी शवपेट्या आणि मेपल झाडाच्या गोड रसाची पिंपे करी. त्याने मला मेपलच्याच लाकडातून घडवले. फटीच्या डाव्या अंगाला लाकडात एक गाठ निघाली. ती काढून टाक, असे लोक म्हणाले. त्याने काढली नाही. हाताला खूण लागते, एवढेच तो म्हणाला.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. त्या काळी आमच्याकडे नोव्हेंबरात नेहमी रिपब्लिकन पक्षच जिंके. म्हणून खरा गव्हर्नर सप्टेंबरातच ठरायचा, आणि तो माझ्या पोटात ठरायचा. माणसे गवत कापायचे सोडून घोडागाडीने येत. सभागृहात एका बाजूला सफरचंदाचे 'पाय' नावाचे भट्टीतले गोड पदार्थ आणि भाजलेल्या घेवड्याची भांडी मांडलेली असत, दुसऱ्या बाजूला मी. लोक माझ्यासमोर टोपी काढत.

१९२० साली बायकांना मताचा हक्क मिळाला. पहिले मत देण्याआधी मतदाराची शपथ घ्यावी लागे. ती घ्यायला अकरा बायका रांगेत उभ्या होत्या. सर्वांत पुढे होती ऑर्व्हिला स्टॉडर्ड, एकवीस वर्षांची, शाळेची नवी शिक्षिका. तिने कागद फटीत घातला, पण लगेच सोडला नाही. अंगठा त्या गाठीवर टेकवून ती क्षणभर थांबली. मग कागद आत पडला. मागे उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी विचारले, कुणाला दिलेस. ती म्हणाली, "बाबा, ते माझं मला माहीत." सभागृहातले लोक हसले. वडील हसले नाहीत, पण घरी जाताना त्यांनी तिला गाडीत पुढे बसवले.

पुढे वीस वर्षांनी घंटेची पेटी आली. तिला दांडा होता. मत आत घालून दांडा फिरवला की घंटी वाजे आणि एक आकडा पुढे सरके. मुले तर सोडाच, म्हातारेसुद्धा ती घंटी ऐकायला दोनदा मत देता येईल का, असे विचारत. मला जळाऊ लाकडात जायची भीती वाटली होती. पण मला दुसरे काम मिळाले.

आमच्या राज्यात कोण कोणत्या पक्षाचा, हे कुठे लिहून ठेवत नाहीत. सप्टेंबरात प्रत्येकाला दोन्ही मोठ्या पक्षांची एकेक मतपत्रिका देतात. पडद्यामागे जाऊन एकीवरच खूण करायची, दुसरी कोरी ठेवायची आणि दोन्हींना सारखीच घडी घालायची. खुणेची घंटेच्या पेटीत टाकायची, कोरी माझ्यात. मतदाराने कोणता पक्ष निवडला, हे शेजारी उभ्या माणसालाही कळता कामा नये.

तेव्हापासून मी नकोशा कागदांची पेटी झाले. माझ्याकडे येणारा प्रत्येक कागद कोरा. ज्याच्याकडे कोणी वळून पाहिले नाही, तो माझा. माझ्यासमोर कोणी थांबत नसे. लोक घंटी वाजली की हसत पुढे येत आणि चालता चालता दुसरा कागद माझ्यात ढकलून देत. आतले कागद मोजायचे नाहीत, उघडायचे नाहीत, नव्वद दिवसांनी जाळायचे, असा नियम होता. चाळीस वर्षे मी असे कागद सांभाळले. फक्त ऑर्व्हिला मला विसरली नाही. कोरा कागद टाकतानाही तिचा अंगठा गाठीवरून एकदा फिरायचा.

तोवर गाव तिला बाई म्हणू लागले होते. बाईंचे लग्न झाले नाही. एका खोलीच्या शाळेत त्यांनी तीन पिढ्या शिकवल्या. त्यांचा एक धडा पुस्तकात नव्हता. मत कुणाला दिले हे कुणाला सांगायचे नाही आणि कुणाला विचारायचेही नाही. गावकचेरीचा कारकून मर्ल हचिन्स त्यांचाच विद्यार्थी. कॉरिन टिबो हीसुद्धा.

कॉरिन गवळ्याची मुलगी. ती वकील झाली आणि गावात परत आली. दर रविवारी दुपारी ती बाईंकडे जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, कारण बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. १९८० साली कॉरिन गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारीला उभी राहिली. पक्षात तिच्यासमोर एक बड्या शहरातला माणूस होता. ती जिंकेल असे राज्यात कुणालाच वाटत नव्हते. तिलाही नव्हते. पण आपल्या गावात तरी आपण पुढे असू, एवढी तिची आशा होती.

निवडणुकीच्या आदल्या रविवारी तिने बाईंना विचारले. हे मला पुढे मर्लच्या तोंडून कळले. ती म्हणाली होती की नियम मला ठाऊक आहे बाई, पण या वेळी एकदाच सांगा. बाईंनी वर्तमानपत्राची घडी नीट केली आणि चहा घेणार का, असे विचारले. स्टॉडर्ड घराणे पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन. कॉरिनने त्या चहाचा अर्थ आपल्या मनाने लावला.

मंगळवारी बाई काठी टेकत आल्या. कायद्याने त्यांना सोबतीला माणूस घेता आला असता. त्यांनी नको म्हटले. त्या वर्षी सभागृहाचे छप्पर एका कोपऱ्यात गळत होते, म्हणून मर्लने टेबले हलवली होती. दर वर्षी आधी घंटेची पेटी असे आणि नंतर मी. त्या दिवशी आधी मी होते. तशी पाटी लावलेली होती. पण बाईंना पाटी दिसत नव्हती.

पडद्यामागून त्या दोन्ही हातांत दोन घड्या घेऊन आल्या. उजव्या हातातली पहिल्या पेटीत, डाव्या हातातली दुसरीत, असे चाळीस वर्षांचे वळण. उजवा हात माझ्यावर आला. अंगठा गाठीवर टेकला आणि थांबला. अगदी साठ वर्षांपूर्वीसारखा. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. कागद आत पडला. मग त्यांनी डावा कागद पुढे दिला. दांड्यापाशी बसलेल्या डोरिस लाफ्लेशने तो घातला आणि घंटी वाजली. घंटी उशिरा वाजली असे बाईंना वाटले असावे, कारण त्या जरा उभ्या राहिल्या. पण मागून कुणीतरी, "बाई, सफरचंदाचा पाय संपायच्या आत या इकडं खायला," म्हणून हाक मारली, आणि त्या तिकडे गेल्या.

बाईंची घडी माझ्या पोटात इतर कागदांवर पडली आणि हळूहळू उघडली. चाळीस वर्षांत प्रथमच माझ्या आत काहीतरी लिहिलेले आले होते. शिसपेन्सिलीची फुली थोडी कापरी होती, पण चौकटीच्या बाहेर गेलेली नव्हती. ती कॉरिन टिबो या नावापुढे होती.

संध्याकाळी उन्हे असतानाच मोजणी संपली. डेमोक्रॅट पक्षाची मते थोडी. शहरातल्या माणसाला सत्तेचाळीस, कॉरिनला सेहेचाळीस. रिपब्लिकन गठ्ठ्यात एक मतपत्रिका पूर्ण कोरी निघाली. डोरिस म्हणाली, "एवढं चालत यायचं आणि काहीच लिहायचं नाही? कोण असेल गं बाई असा?" मर्लने तो कागद बराच वेळ हातात धरला. त्याने माझ्याकडेही एकदा पाहिले. मग त्याने माझ्या फटीवर पट्टी चिकटवली आणि लाख लावली.

कॉरिन राज्यात मोठ्या फरकाने हरली. ते तिने हसून घेतले. पण वर्तमानपत्रात गावांची यादी आली. स्वतःच्या गावातही एका मताने मागे, असे त्यात छापले होते. पुढच्या रविवारी ती बाईंकडे गेली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

ऑक्टोबरात बाई कचेरीत आल्या. घरामागच्या लाकडाच्या वखारीच्या परवान्याचे काही काम होते. मर्लने खुर्ची दिली आणि बोलता बोलता त्या कोऱ्या मतपत्रिकेचा विषय काढला. बाईंनी काठी बाजूला ठेवली.

"मर्ल, जुनी पेटी कुठं आहे रे?"

"ही काय, तुमच्या डाव्या हाताला."

त्यांनी हात पुढे केला. गाठ सापडली. मग त्या उठल्या, हाताने चाचपत घंटेच्या पेटीपाशी गेल्या आणि तिच्या थंड पत्र्यावर तळवा ठेवला. परत येऊन माझ्यावर ठेवला.

"मी मत हिच्यात टाकलं," त्या म्हणाल्या.

मर्लने दार लोटून घेतले. "बाई, माझ्याकडे चाकू आहे. लाख पुन्हा लावता येते. कुणाला कळायचं नाही."

"मला कळेल. आज माझ्यासाठी उघडलीस, तर उद्या कुणासाठीही उघडशील."

"मग निदान कॉरिनला सांगा. तुम्ही तिला मत दिलं नाही असं धरून बसलीय ती. माझ्याशीसुद्धा धड बोलत नाही."

"मी कुणाला दिलं, हे तुला काय माहीत?"

"मला काहीच माहीत नाही, बाई. तुमचाच विद्यार्थी आहे मी."

बाई थोडे हसल्या. मग म्हणाल्या, "रविवारी येईल ती. आली की बघते काय सांगायचं ते." आणि काठी घेऊन निघाल्या.

कॉरिन आली नाही. बाई निरोप पाठवायच्या माणसांतल्या नव्हत्या. एक जण बोलावण्याची वाट पाहत होती आणि दुसरी दार वाजण्याची. दोघींच्या घरांमध्ये फक्त एक पूल होता.

डिसेंबरात मर्लने माझी लाख तोडली. आतले कागद त्याने ओंजळीओंजळीने शेगडीत घातले. घातले तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत होता. एकही घडी त्याने पाहिली नाही. मी रिकामी झाले. इतकी रिकामी मी आधी कधीच झाले नव्हते.

जानेवारीत बाई गेल्या. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, खणता येत नाही. म्हणून शव दगडी कोठीत ठेवतात आणि बर्फ वितळल्यावर पुरतात. बाई वसंताची वाट पाहत होत्या, तेव्हा मार्चअखेर कॉरिन कुत्र्याचा परवाना काढायला कचेरीत आली. मर्लने अर्ज लिहून घेतला. ती करड्या लोकरीचे हातमोजे काढून सही करत होती. मध्येच थांबून म्हणाली, "एक मत, मर्ल. रात्री झोप आली नाही की अख्खं गाव मोजते मी. प्रत्येक वेळी बाईंच्या दाराशी येऊन थांबते."

मर्लने शिक्का खाली ठेवला.

"ती कोरी मतपत्रिका त्यांची होती, कॉरिन. रिपब्लिकन पक्षाची. त्यांना दिसत नव्हतं. पेट्या मी हलवल्या होत्या."

कॉरिनला समजायला थोडा वेळ लागला. मग ती माझ्यापाशी आली. "म्हणजे दुसरा कागद हिच्यात होता."

"होता. डिसेंबरात जाळला."

"तू बघितला नाहीस?"

"नाही."

"एकदाही तुझ्या मनात आलं नाही?"

"रोज येतं," मर्ल म्हणाला.

तिने उघडा हात माझ्या झाकणावर ठेवला. अंगठा नेमका गाठीवर आला. तिला त्या गाठीविषयी काहीच माहीत नव्हते. "मी रविवारी जायला हवं होतं," ती म्हणाली, पण मर्लला नाही, आणि मलाही नाही. मग परवाना घेऊन गेली. एक हातमोजा विसरली. मर्लने तो माझ्यात ठेवला, येईल न्यायला म्हणून.

मित्रांनो, तेव्हापासून मी हरवलेल्या हातमोज्यांची पेटी झाले. मतमोजणी आता यंत्र करते. मर्ल नाही, डोरिस नाही. कॉरिन राजधानीत राहायला गेली आणि तिथेच म्हातारी झाली. ती फुली कुठे होती, हे या जगात फक्त मला माहीत आहे, आणि मला तोंड नाही, नुसती एक फट आहे.

म्हणून माझे एवढे ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कागदावर खूण कराल. ती जरूर गुपित ठेवा, माझ्यासारख्या पेट्या ती सांभाळतील. पण कुणाबद्दल माया वाटत असेल, तर ती कुठल्या पेटीत टाकू नका. रविवारी त्यांच्या दारी जा आणि तोंडाने सांगा. त्यांना कमी दिसत असेल, तर हात धरून सांगा.

आणि हातमोजा शोधताना तळाशी एक करडा, लोकरीचा, मोठ्या माणसाचा हातमोजा लागेल. तो जुना आहे, त्याला कसर लागली आहे. तो तेवढा राहू द्या. त्याची मालकीण येईल न्यायला.