एनिडची घडी

चौकशीला आलेल्या साहेबांनी पॅराशूटची कडी ओढली आणि रेशीम सळसळत टेबलभर पसरलं. कुठे गाठ नव्हती, पीळ नव्हता. साहेबांनी वहीत लिहिलं, पॅराशूट निर्दोष. एनिड थोरोगुड तोपर्यंत उभीच होती. मग ती खुर्चीवर बसली.

आम्ही दोघी विमान कारखान्यात पॅराशूटच्या घड्या घालायचो. एनिड अकरा वर्षं, मी सहा. नवी विमानं पहिल्यांदा हवेत न्यायची ती आमच्या वैमानिकांनी. प्रत्येकाची घडी घालणारी बाई ठरलेली असे. दुसरीच्या खुंटीवर टांगलेल्या पॅराशूटला तो हात लावत नसे. रॉडरिक पेल एनिडचा. मंगळवारी तो नव्या विमानासह शेतात कोसळला. पॅराशूट पाठीवर तसंच बांधलेलं होतं; तेच साहेबांनी आज उघडून पाहिलं.

मी चहा केला, माझ्या रेशनमधली साखर एनिडच्या कपात ओतली. तेवढ्यात नोरीन, रॉडरिकची बायको, दारात आली. खाली मान घालून म्हणाली, विमान थरथरायला लागल्यावर त्याच्या हाती दोन मिनिटं होती, रेडिओवर सगळ्यांनी ऐकलंय. जमिनीवरचे लोक त्याला उडी मार म्हणत होते आणि तो म्हणत होता, जरा थांबा, आणतो विमान खाली.

"मला एवढंच सांगा, मिसेस थोरोगुड," ती म्हणाली, "त्यानं कडी ओढलीच नाही का? त्या पत्र्याच्या डब्यापुढं मी कुणीच नव्हते?"

एनिडने कप खाली ठेवला. तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"ओढली असेल गं पोरी," ती म्हणाली. "आतल्या पिना कधीकधी अडकतात. त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मीच घट्ट बसवल्या असतील."

मी तोंड उघडलं. एनिडने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

नोरीनने तिच्या थोबाडीत मारली. मग भिंतीला टेकून ती पहिल्यांदा रडली. ओरडली नाही. नुसती म्हणत राहिली, "म्हणजे तो येत होता. तो घरी यायला निघाला होता."

दुसऱ्या दिवशी हॅलम आला. तोही एनिडचाच वैमानिक, तिला 'आईसाहेब' म्हणून चिडवणारा. त्या दिवशी त्याने चिडवलं नाही. माझ्या खुंटीपाशी थांबून हळू आवाजात म्हणाला, "मॉड, आजच्यापुरती तुझी घडी देतेस?"

साहेबांचा कागद फलकावर टाचलेला होता. हॅलमने तो वाचला असणार. पण नोरीनचं बोलणं वैमानिकांच्या घराघरांत पोचलं होतं. खरं काय ते सांगावं असं माझ्या ओठांवर आलं. पलीकडे एनिड पाठ फिरवून दोऱ्या सरळ करत होती. मी त्याला माझं पॅराशूट दिलं.

'आजच्यापुरती' म्हणाला होता. पुन्हा तिच्याकडे कुणीच गेलं नाही.

नियम असा की न वापरलेलं पॅराशूटही दर दोन महिन्यांनी उघडायचं, वाऱ्यावर टांगायचं, पुन्हा घडी घालायची. एनिडच्या खुंटीवर पाच होती. निवृत्त होईपर्यंत, तीन वर्षं, ती एकेक उघडत राहिली. तळहाताने रेशमाची प्रत्येक चुणी काढायची, पिना बसवायची, दोनदा ओढून बघायची, सहज सुटतात ना. मग कार्डावर तारीख घालून सही करायची आणि ते परत खुंटीला लावायची.