प्रल्हादकाकांचे लाल चौकोन

स्वप्नाने तो नकाशा काढायला घेतला तेव्हा तिच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. पण पाप नसलं म्हणून काय झालं?

वसई पूर्वेच्या त्या पंपांच्या कंपनीत एकोणीस सॉफ्टवेअर होती. साठ्याचं वेगळं, पगाराचं वेगळं, गाड्या भरण्याचं वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. कुठलं कशावर चालतं याचा एकच मोठा नकाशा काढायचा आणि मग नको ते काढून टाकायचं, यासाठी हेड ऑफिसने तिला पाठवलं. एंटरप्राइझ आर्किटेक्ट, असं भलंमोठं नाव होतं तिच्या कामाचं. आल्या आल्या तिला कळलं, की हा सगळा पसारा खरं तर स्टोअरच्या प्रल्हादकाकांच्या डोक्यात आहे.

जवळच्याच जूचंद्र गावचे प्रल्हाद म्हात्रे. रोज सकाळी एका सॉफ्टवेअरमधली यादी काढायची, चुका हाताने दुरुस्त करायच्या, दुसऱ्यात भरायची, हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. मुलीचं नर्सिंग संपेपर्यंत नोकरी टिकावी, एवढंच त्यांना हवं होतं. तीन महिने ते स्वप्नाशेजारी बसले. हातचं काही राखलं नाही हो त्या माणसाने.

नकाशात एकेका कामाचा एक चौकोन, आणि त्याखाली लिहायचं होतं, हे काम कोणाला येतं. जिथे एकाच माणसाला येतं, तो चौकोन लाल. अकरा चौकोन लाल झाले, सगळ्यांखाली काकांचं नाव. स्वप्नाला वाटलं, हेड ऑफिसच्या साहेबांना आता तरी त्यांची किंमत कळेल, हाताखाली माणूस देतील.

साहेब म्हणाले, "एवढं सगळं एका माणसावर? धोकाच आहे हा. आता लिहून झालंय ना, मग मोकळं करा त्यांना."

स्वप्ना समोरच बसली होती. बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या बढतीचा विषय त्याच मीटिंगमध्ये पुढे यायचा होता. तिने तोंड मिटलं.

काकांची नोकरी गेली, आणि महिन्याभराने माफी मागायची म्हणून ती जूचंद्रला गेली. काकांनी तिला खुर्ची दिली, आतून पाणी मागवलं. तिने कशीबशी सुरुवात केली, तर त्यांनीच थांबवलं.

"तुमचा काय दोष बाय? वरच्यांनी ठरवलं. तुमी तिथं असता ना, तर माझ्यासाठी भांडला असता. मना माहीत हाय."

स्वप्नाने पाण्याचा पेला उचलला.

"हो काका," ती म्हणाली, आणि पाणी प्यायली.