आवाज बाहेर न जाणारी पेटी

नव्या चर्चच्या भिंती, छप्पर, खिडक्या हे सगळं इंजिनिअरनं बघितलं. पण आतलं फर्निचर माझ्याकडं होतं, आणि ते चोख झालं हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो. मी शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. चाळीस बाकं, वेदी, वाचनाचा स्टँड, सगळ्याची चित्रं मी काढली आणि ईरप्पा सुतारानं ती सागवानात उतरवली. २००२ साल होतं. चर्चच्या उद्‌घाटनाला बिशप यायला पंधरा दिवस उरले होते. राहिलं होतं फक्त फरशीचं पॉलिश आणि कन्फेशनची पेटी.

पेटी म्हणजे लहानशी लाकडी खोलीच, मधे जाळी. जाळीच्या एका बाजूला फादर बसतात, दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकून आपली पापं सांगतो. ही पेटी मला माझ्या आईसाठी, शालूबाईसाठी हवी होती.

आईला फार कमी ऐकू येतं, त्यामुळं स्वतःचा आवाज किती चढला हे तिला कळत नाही. त्यात आमचं कोल्हापूर. इथं कानात सांगितलेलं गल्लीला कळतं. नऊ वर्षांपूर्वी, आमची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, शाळेच्या हॉलमध्ये व्हायची तेव्हा, आई पडद्यामागं फादरना पापं सांगत होती आणि अख्खा हॉल ऐकत होता. काय ऐकलं ते सांगणार नाही. दुसऱ्याचं कन्फेशन कानावर पडलं तर पोटातच ठेवायचं, असा आमच्यात दंडक आहे. लोक हसले, एवढं मात्र सांगतो. ती बाहेर आल्यावर मी चारचौघांत तिला म्हणालो, "हळू बोलायला काय होतं? लाज आणलीस."

त्यानंतर आई कन्फेशनला गेली नाही. कन्फेशन नाही म्हणून कम्युनियनही, म्हणजे फादरांच्या हातची पवित्र भाकरही, घेतली नाही. दर रविवारी सगळे उठून रांगेत जायचे, ती एकटी जागेवर बसून राहायची. नव्या चर्चच्या पहिल्या मिस्सेलाही ती तशीच बसणार, या विचारानं माझं जेवण जात नव्हतं.

ईरप्पाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, काळजी करू नगासा. राजारामपुरीत सतरा एसटीडी बूथ केल्यात मी. आत बोललेलं भाईर जात न्हाय."

आठवड्यात पेटी आली. काम देखणं होतं, पण तिन्ही बाजूंनी काच. आत माणूस रडतोय आणि बाहेरचे आपला नंबर कधी लागतो म्हणून डोकावतायत, असा मामला झाला असता. आमचे फादर इनास हसून हसून बाकावर बसले. ईरप्पानं काच काढून प्लायवूड ठोकलं. मग मी आईला आत गुडघे टेकायला लावलं आणि खुणेनं सांगितलं, काहीही बोल. तिनं आपलं नाव सांगितलं. पार वेदीपाशी बसलेल्या फरशीवाल्यानं मान वर केली. "काय म्हनलासा, मावशी?"

उंच छपराखाली आवाज हॉलपेक्षा जास्त घुमत होता. आई उठली, पदर सारखा केला आणि घरी गेली. मी ईरप्पावर भडकलो. थर्माकोल भर म्हटलं, आतून गाद्या लाव म्हटलं. त्यानं सगळं केलं. आई मात्र पेटीजवळ फिरकायला तयार नव्हती.

चौथ्या दिवशी ती माझा डबा घेऊन आली. फरशीवर पॉलिशचं मशीन चालू होतं. मी आणि ईरप्पा एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होतो आणि तरी "आँ? आँ?" करत होतो. आई दारात उभी राहून आमची गंमत बघत होती. मग जवळ आली आणि माझ्या कानात म्हणाली, "फादरना बोलव. आज समदीच माझ्यागत बहिरी हायती. आजच बसते मी."

फादर धावत आले. गळ्यात जांभळा पट्टा घालून, धुळीत खोकत आत बसले. आई गेली. मी वीस पावलं लांब उभा राहिलो. मशीनच्या घरघरीपलीकडं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मला इतकं सुख झालं की डोळे भरून आले.

आणि लाइट गेली.

मशीन थांबलं. आईला ते कुठून कळणार? एक वाक्य चर्चभर घुमलं. त्यात माझं नाव होतं. पुढचं मी सांगणार नाही.

ईरप्पानं कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. हातोडा उचलला आणि समोरच्या रिकाम्या फळीवर ठोकायला लागला. फरशीवाल्यानं घमेलं ओढलं आणि त्यावर थापी बडवायला सुरुवात केली. ईरप्पा लिंगायत, फरशीवाला जोतिबाचा भक्त. दोघांनी दहा मिनिटं चर्च दणाणून सोडलं. त्या दोघांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मला स्वतःला मात्र जागचं हलवत नव्हतं.

आई बाहेर आली. चेहरा हलका झाला होता. "फादरनी तीन बोटं दावली. तीन नमो मारिया म्हनायच्या, झालं प्रायश्चित्त," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. तिला ऐकू येत नसलं तरी दिसतं सगळं. "तू ऐकलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"देवाच्या घरात उभा ऱ्हाऊन खोटं बोलतोस? जा आत. फादर अजून बसल्यात."

पन्नाशीतला मास्तर मी, पोरासारखा आत गेलो. गुडघे टेकले. बाहेर ईरप्पानं पुन्हा ठोकायला घेतलं. दार ओढून घेणार, तेवढ्यात हात थांबला. "ईरप्पा, ठोकायचं बंद कर," मी ओरडलो. हातोडा थांबला. आई येऊन पहिल्या बाकावर बसली होती. दार सताड उघडं ठेवून मी बोलायला लागलो. "फादर, आत्ता मी आईशी खोटं बोललो. आणि नऊ वर्षांपूर्वी लोकांसमोर तिला म्हणालो की तू लाज आणलीस. तिनं आणली नव्हती. मीच लोकांना भ्यालो, आणि..." पुढं आवाज खाली गेला.

"पास्कल," बाकावरून आई म्हणाली, "मोठ्यानं बोल की. मला ऐकू येईना."

मी मोठ्यानं बोललो.