डावीकडे फिरणारा भोवरा

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. मागच्या खेपेला सांगितली तेव्हा एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठून गेलं, ते अजून आलेलं नाही. तरी सांगतो. जीभ थांबली की माझी कात्रीही थांबते, आणि बाकावर तुम्ही इतकी मंडळी ताटकळलेली आहात.

रस्त्यापलीकडचं ते लखलखीत काचांचं सलून दिसतंय ना? ते माझ्या धाकट्या भावाचं. आबा म्हणजे आमचे वडील, त्यांच्या माघारी आम्ही दुकान वाटून घेतलं. खुर्च्या त्याला गेल्या, हा मोठा आरसा मला आला. हात मात्र आबांनी आधीच सगळा त्याला देऊन ठेवला होता. त्याच्याकडे एकदा एक गृहस्थ केस कापून झाल्यावरही तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "सुरू कधी करताय?" इतका हलका हात!

पण धाकटा बोलत नाही. तासभर नुसती कात्री ऐकायची. आणि माणसाला डोकं हलकं करून घ्यायचं असतं ते काही फक्त केसांनी नाही. म्हणून एकेक जण रस्ता ओलांडून माझ्याकडे यायला लागला. धाकट्याने तेही सोसलं. सरांचं मात्र त्याला सोसलं नाही.

सर म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ निळ्या दाराच्या घरात गणिताच्या शिकवण्या घेणारे. त्यांच्या डोक्यावरचा भोवरा डावीकडे फिरतो. तुमचा, माझा, बहुतेकांचा उजवीकडे फिरतो. असं डोकं कापणं म्हणजे वाऱ्याविरुद्ध झाडू मारणं. धाकट्याने वर्षानुवर्षं ते डोकं सांभाळलं, मानेवरची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी ठेवली. एकदा तो सासुरवाडीला गेला होता, दुकान बंद. सरांना पालकांची सभा होती. आले माझ्याकडे. मी कापले. कानामागे उंदराने कुरतडल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू! पण मी त्यांना एका न्हाव्याची गोष्ट सांगितली, ज्याने झोपेत स्वतःचीच दाढी केली आणि सकाळी बायकोने त्याला घरात घेतलं नाही. सर इतके हसले, इतके हसले, की पुढच्या महिन्यात पुन्हा माझ्याच दारात.

धाकट्याने काचेआडून पाहिलं. सरांनी मान खाली घातली आणि चोरासारखे आत शिरले. त्या दिवशी म्हणे धाकट्याच्या वाटीतलं दाढीचं पाणी शेगडीवर न ठेवताच उकळलं.

थोड्या वेळाने त्याची बायको आली.

"भाऊजी, तुरटी आहे का?"

"तुमच्याकडची संपली?"

"नाही, पण हे म्हणाले, जाऊन बघून ये."

"काय बघून ये?"

"तुरटीच," ती म्हणाली, आणि सरांच्या मानेकडे टक लावून बघून, तुरटी न घेताच निघून गेली. त्यानंतर सर येऊन बसले की तिला तुरटी हवीच असायची.

अशात तो व्हिडिओ आला. तुम्हीही पाहिला असेल, सगळ्या शहराने पाहिला. एका इमारतीच्या फाटकावर एक माणूस म्हाताऱ्या रखवालदाराच्या मुस्काटात मारतो. म्हाताऱ्याची टोपी उडते, तो माणूस गाडीत बसतो आणि जातो. चेहरा दिसत नाही. दिसते ती फक्त पाठ आणि डोकं. फोनवरच्या ज्या पानावर तो आला होता त्याचं नाव 'शोधून काढू'. खाली लिहिलं होतं, हा नराधम कोण, ओळखणाऱ्याने नाव-पत्ता द्यावा.

मंडळी, पाठमोरं डोकं! सगळ्या जगाला चेहरे ओळखू येतात, आम्हाला डोकी. मी इथे बसून पाहिलं, धाकट्याने तिथे बसून पाहिलं. भोवरा डावीकडे फिरत होता.

मी फोन पालथा घातला आणि गप्प बसलो. मला वाटलं, सर? सर तर वहीवर पडलेली मुंगीसुद्धा फुंकर मारून घालवतात. पण डोळ्यांनी पाहिलेलं कुठे ठेवायचं? धाकट्याला असला प्रश्न पडला नाही. त्याला त्या डोक्यात म्हाताऱ्याला मारणारा माणूस दिसला की आपल्याला सोडून गेलेलं गिऱ्हाईक दिसलं, ते त्याचं त्याला माहीत. त्याने खाली लिहिलं: या डोक्यावर मी अनेक वर्षं हात फिरवला आहे, माझी चूक होणार नाही. मग सरांचं नाव. मग निळं दार, पाण्याची टाकी. मग सरांचा फोन नंबर, जो वेळ ठरवण्यासाठी सरांनी त्याला स्वतः दिला होता.

आयुष्यात कधी न बोललेला माणूस बोलला, आणि त्याचं हजारोंनी ऐकलं. त्याची बायको सांगत होती, हे रात्री जेवले नाहीत, नुसते फोनवर पडलेले पसंतीचे अंगठे मोजत होते.

सरांचा फोन इतका वाजला, इतका वाजला, की थरथरत थरथरत टेबलावरून चालत निघाला आणि बादलीत जाऊन पडला. हसू नका, तो बादलीत पडला म्हणून सरांना दोन घटका झोप लागली. निळ्या दारावर कुणीतरी काळ्या रंगाने चार अक्षरं लिहिली. सरांच्या बायकोने घासली, तर निळा रंग निघाला आणि अक्षरं राहिली. त्या दारात संध्याकाळी मुलांच्या चपलांचा ढीग पडायचा, वाट काढत आत जावं लागे. तो ढीग आधी अर्धा झाला, मग एका कोपऱ्यात मावला, मग दाराबाहेर फक्त सरांच्याच चपला. घरमालक येऊन गेला. म्हणाला, माझं काही म्हणणं नाही, पण महिनाअखेरीला दुसरीकडे बघा.

आणि सर केस कापायला यायचे थांबले. एकदा भाजीच्या दुकानात दिसले, भर उन्हाळ्यात कानटोपी घालून. मी म्हटलं, "सर, या की, थोडं मागून बारीक करू."

"नको," सर म्हणाले. "मागून कुणी बघतं ते नको वाटतं."

आता ऐका गंमत. एके दिवशी सकाळी एक म्हातारा दाढीला आला. फेस लावला. बाकावर आपले पोस्टमन बसले होते, तेच हे, विचारा त्यांना. त्यांच्या फोनवर तोच व्हिडिओ चालू होता. म्हाताऱ्याने फेसातून डोळे तिरके केले आणि म्हणाला, "अरे, हा तर मी."

पोस्टमननी फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"पण हा गाल नाही," म्हातारा म्हणाला. "मारलं ते या गालावर. आणि आमच्या फाटकावरची पाटी बघा, उलटी आहे. सगळंच उलटं आहे."

पोस्टमननी फोन नाकाशी नेला. "खरंच की! दुसऱ्याचा व्हिडिओ उचलला की ही पान चालवणारी मंडळी तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून टाकतात, म्हणजे चोरी पकडली जात नाही. पण अहो, तुम्हाला दोघा भावांना ती पाटी दिसली नाही?"

दिसली होती. पण आमचा जन्म या आरशासमोर गेला. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी, वाण्याची पाटी, धाकट्याचीसुद्धा पाटी मी रोज उलटीच वाचतो. उलटी अक्षरं बघून बाकीच्यांचं कपाळ आठ्यांनी भरेल, आम्हाला ती सरळच वाटतात. व्हिडिओ पालटला की भोवराही पालटला. मारणाऱ्याचा भोवरा उजवीकडे फिरणारा होता, तुमच्याआमच्यासारखा.

"मग मारलं कुणी?" बाकावरून एकदम दोघातिघांनी विचारलं. फोन बाहेर निघाले. "नाव सांगा बाबा! फ्लॅट कुठला? आत्ता टाकतो."

म्हाताऱ्याने टॉवेलने अर्धा फेस पुसला. "इतके दिवस मला कुणी विचारायला आलं नाही, टोपी सापडली का, गाल दुखतो का. आता नाव हवंय होय? नाही सांगणार. मी सोसायटीच्या ऑफिसात तक्रार दिली आहे, चौकीवर दिली आहे. त्याच्या घरी त्याची आई आहे, अंथरुणावर. तिच्या दारावर कुणी काळं फासलेलं मला चालणार नाही."

"अहो, पण त्याने तुम्हाला मारलं!"

"मला मारलं ना? मग तुम्ही का इतके हपापलात?" म्हातारा म्हणाला. "करा दाढी."

मी तसाच वस्तरा हातात घेऊन रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकट्याच्या दुकानात पाऊल टाकलं. त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा साबणासारखा झाला. त्याने आपलं लिहिलेलं तिथल्या तिथे पुसलं. पण तोवर ते इतक्यांनी उचलून इतक्या ठिकाणी चिकटवलं होतं, की ते पुसणं म्हणजे समुद्रातून आपली बादली परत काढून आणणं. 'शोधून काढू'वाल्यांना पोस्टमननी कळवलं. त्यांनी व्हिडिओ गुपचूप काढला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी डोकं लावलं.

पण पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट इथेच आहे. मंडळी, दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दारात रांग लागली! ज्यांनी ज्यांनी फोन करून शिव्या दिल्या होत्या, ते सगळे माफी मागायला. रांग टाकीला वळसा घालून, बाजारातून, शाळेवरून अशी लांबत गेली, की तिचं शेपूट फिरून तोंडालाच येऊन चिकटलं आणि लोक दोनदोनदा माफी मागायला लागले. घरमालक स्वतः निळ्या रंगाचा डबा घेऊन आला. चपलांचा ढीग असा वाढला की सरांना घरात खिडकीतून जावं लागलं! आणि सगळ्यांत पुढे कोण होतं? आमचा धाकटा. हातात आबांची कात्री. म्हणाला, "सर, माझं चुकलं, बसा." आणि तिथेच ओट्यावर बसवून, कानटोपी काढून, सगळ्या गावासमोर त्याने सरांचे केस...

"दादा."

दारात धाकटा उभा होता. ॲप्रन तसाच अंगात, हाताला केस चिकटलेले. कधीपासून ऐकत होता कोण जाणे.

"कुणी आलं नाही," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, बाकावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं. "सर घर सोडून गेले, कुठे ते कुणाला माहीत नाही. एकही माणूस आला नाही, दादा. मीसुद्धा गेलो नाही."